विकेटकीपरला नेमकं समाधान कसलं मिळतं?

उन्हात दिवसभर उठाबशा काढायच्या, बोटं सुजवून घ्यायची आणि विकेट मात्र बॉलरच्या नावावर. मग कीपरला समाधान कसलं, असं तुम्ही विचारलंय. बेळगावात आणि आसपासच्या गावांत मी वीसेक वर्षं कीपिंग केलंय, म्हणून सांगतो.

आमच्याकडे पावसाळाभर खेळ बंद. भाताची सुगी आटोपली की रिकाम्या शेतात टेनिस बॉल सुरू व्हायचा. धसकटांत पडलेला बॉल कधी सरपटत यायचा, कधी थेट तोंडावर. तिथेच सवय लागली, की बॉलच्या आधी उठायचं नाही. टप्पा पडून बॉल उसळला की त्याच्याबरोबर वर यायचं. पुढे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर लेदर बॉलने खेळायला लागलो आणि हातांचं काम कळलं. बोटं जमिनीकडे, तळवे बॉलकडे, आणि बॉल येताच हात थोडे मागे द्यायचे. हात ताठ राहिले तर फट्‌कन आवाज येतो, तळवा झिणझिणतो. नीट घेतला तर आवाज दबका येतो. तो दबका आवाज मला चौकारापेक्षा प्यारा आहे.

पण खरं सुख लेग साइडच्या, म्हणजे बॅट्समनच्या पायांमागच्या बाजूच्या स्टंपिंगमध्ये. बॅट्समन क्रीजच्या रेघेबाहेर असताना कीपरने बॉल पकडून बेल्स उडवायच्या, ते स्टंपिंग. एकदा खानापूरकडे मॅटवर सामना होता. आमचा ऑफस्पिनर कानडी, मी मराठी. मैदानात दोन्ही भाषा मिसळूनच चालायच्या. समोरचा बॅट्समन सारखा पुढे सरसावत होता. मी ग्लोव्हने डाव्या मांडीला हात लावला, आमच्या बॉलरने खूण ओळखली. पुढचा बॉल पायांच्या रोखाने आला, बॅट हुकली, आणि बॉल बॅट्समनच्या अंगाआड गेला. त्या क्षणी कीपरला बॉल दिसतच नाही. बॉलरच्या हातातून सुटताना जे पाहिलं असेल त्याच्या भरवशावर डावीकडे सरकायचं. शिवाय बॉल स्टंपच्या मागे येईपर्यंत हात पुढे नेता येत नाहीत, नेले तर नो-बॉल. क्रीज स्टंपपासून ४ फुटांवर, बॅट्समनला मागे वळायला तेवढंच अंतर. बॉल ग्लोव्हमध्ये बसला आणि बेल्स उडाल्या तेव्हा तो अजून पुढेच बघत होता. बॉलर धावत आला, "छलो हिडिदी!" म्हणाला. छान पकडलास! एवढं मला वर्षभर पुरलं.

१९८८ च्या जानेवारीतली भारत-वेस्ट इंडिज मद्रास कसोटी बघा. नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच १६ विकेट घेतल्या, लोकांना तेच आठवतं. त्याच सामन्यात आपला कीपर किरण मोरेने ६ स्टंपिंग केली, त्यातली ५ दुसऱ्या डावात. वेस्ट इंडिजचे बॅट्समन पुढे येऊन मारायला जायचे, आणि मागे मोरे चुकत नव्हता. फिरणाऱ्या बॉलवर हे किती अवघड, ते ज्याने ग्लोव्हज घातलेत त्यालाच कळेल. मी तो स्कोअरकार्ड वाचतो तेव्हा आधी मोरेचं नाव शोधतो.

खानापूरच्या त्या सामन्यानंतर सगळे चहाला गेले. मी स्कोअररकडून वही मागून घेतली आणि आधी अवांतर धावा पाहिल्या. समोरच्यांच्या अख्ख्या डावात बायचा, म्हणजे बॅटला न लागता कीपरच्या हातून सुटलेल्या बॉलवरच्या धावांचा रकाना कोरा होता.