पलटणीत असलेल्या आणि नंतर सोलापूरच्या गिरणीत आलेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा?

आपल्या खापरपणजोबांनी १८८० च्या सुमारास पलटण सोडून सोलापूरची जुनी गिरणी धरली, एवढेच घरात ठाऊक असेल, तर शोध सोलापुरातून नव्हे, मूळ गावापासून सुरू करावा. शिपायाची नोंद आडनावापेक्षा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि गाव यांवरून सापडण्याची शक्यता अधिक असते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) कागदपत्रांत गोऱ्या सैनिकांच्या मानाने हिंदी शिपायांची वैयक्तिक माहिती फार तुटपुंजी आहे, त्यामुळे घरातील पेटीत जुने पेन्शनपत्र, पलटणीतून मुक्त झाल्याचा दाखला किंवा पदक आहे का, हे आधी पाहावे. पदकाच्या कडेवर पुष्कळदा नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटणीचा क्रमांक मिळाल्यास सैन्याची १९०३ ची फेररचना ध्यानात ठेवावी, कारण तेव्हा मुंबईच्या पायदळाच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले आणि तिसरी पलटण एकशेतिसरी झाली.

गावाकडे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, बहुधा मोडी लिपीत, तहसील कार्यालयात मिळू शकतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि आपल्या भागात फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी मला सरकारी दप्तराहून अधिक उपयोगी वाटतात, मात्र त्यांतील पिढ्यांची जुळणी कागदाशी ताडून घ्यावी. घराणे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे असल्यास शोध तिकडेच न्यावा लागेल.