वंशावळीच्या अभ्यासकाची ज्ञानकोशात नोंद कधी व्हावी?

आपल्या परिचयातील एका गृहस्थांनी काही घराण्यांचे कुलवृत्तांत आणि स्थानिक इतिहासाची दोन पुस्तके लिहिली आहेत, तेवढ्यावर ऑनलाइन ज्ञानकोशात त्यांची स्वतंत्र नोंद होऊ शकते का, असे आपण विचारले आहे. पुस्तकांच्या संख्येवर हे ठरत नाही आणि ठरूही नये. ज्यांचा त्या घराण्याशी, प्रकाशकाशी किंवा लेखकाशी संबंध नाही, अशा जाणकारांनी त्या कामाची दखल घेऊन त्यावर सविस्तर लिहिले आहे का, एवढेच पाहायचे असते.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काही वर्षांपूर्वी मी एका मुक्त ज्ञानकोशावर नियमित संपादन करीत असे. तेथे कोकणातील एका दिवंगत कुलवृत्तांतकारांवरील नोंद वगळण्याचा प्रस्ताव आला. प्रस्तावकाचे म्हणणे असे की, इंटरनेटवर शोधून काही सापडले नाही, आणि कुलवृत्तांत हे घरगुती पुस्तक असल्याने ते घरच्यांखेरीज कोणी वाचत नाही. हे विधान मला लागले, कारण तो ग्रंथ मी बारकाईने वाचलेला होता.

ग्रंथाच्या शेवटी घडी घालून जोडलेला वंशवृक्ष आहे आणि त्यात चौथ्या व पाचव्या पिढीच्या मध्ये एक रिकामी चौकट आहे. घराण्याच्या परंपरेप्रमाणे ते दोन पुरुष बापलेक होते. परंतु दोघांच्या नावच्या कागदांत सुमारे सत्तर वर्षांचे अंतर पडत होते, त्यामुळे लेखकाला शंका आली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, चोपडीत त्यांना त्या धाकट्या पुरुषाने स्वहस्ते केलेली नोंद मिळाली. तीत वडिलांचे नाव वाळवीने खाल्लेले होते आणि आजोबांचे तेवढे वाचता येत होते. परंपरा ज्याला बाप समजत होती, तोच हा आजोबा होता. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने त्या धाकट्या पुरुषाच्या थोरल्या मुलाचे नाव घेऊन ती चौकट भरावी, असा घरच्यांचा आग्रह होता. लेखकाने तो मानला नाही. अंदाज हा पुरावा नव्हे, असे टिपेत स्पष्ट लिहून त्यांनी चौकटीत ‘नाव उपलब्ध नाही’ एवढेच शब्द घातले. वर्गणी देणाऱ्यांची नाराजी पत्करून असे लिहिणे किती अवघड असते, हे ज्यांनी कुलमंडळाच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

त्या घराण्याशी काहीही संबंध नसलेल्या एका इतिहासकाराने वतनाच्या तंट्यांवरील आपल्या ग्रंथात या पद्धतीची दीड पान चर्चा केली होती आणि तिच्या आधारे एक जुना दावा अग्राह्य ठरवला होता. शिवाय एका संशोधन-त्रैमासिकात कुलवृत्तांताचे स्वतंत्र परीक्षण आले होते. हे दोन्ही संदर्भ मी पानांच्या क्रमांकांसह चर्चेत मांडले. उत्तर असे मिळाले की, दीड पान म्हणजे ओझरता उल्लेख, आणि जे त्रैमासिक जालावर नाही ते पडताळता येत नाही. नोंद वगळली गेली.

हे दोन्ही आक्षेप चुकीचे होते. इंग्रजी विकिपीडियाच्या उल्लेखनीयतेच्या निकषांत स्पष्ट म्हटले आहे की, दखल ओझरत्या उल्लेखापेक्षा अधिक असावी, परंतु ती व्यक्ती त्या ग्रंथाचा मुख्य विषय असण्याची गरज नाही. संदर्भ छापील असला तरी चालतो, तो जालावर असलाच पाहिजे अशी अट नाही. आपल्याकडील वंशावळींचा अभ्यास पेशवे दफ्तरातील रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), इनाम जमिनींचे हक्क तपासण्यासाठी १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढील कैफियती (लेखी निवेदने), तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या, दक्षिण महाराष्ट्रात घरोघर फिरून वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांच्या वह्या यांवर उभा आहे, आणि त्याची समीक्षा बहुतांशी छापील नियतकालिकांतच आली आहे. शोधयंत्राच्या पहिल्या पानावर विसंबून अशा अभ्यासकाचे मोल ठरवणे म्हणजे न वाचता निकाल देणे होय. अमेरिकेत १९४० मध्ये स्थापन झालेल्या वंशावळशास्त्रज्ञांच्या संस्थेत एका वेळी पन्नासच फेलो असतात, त्यामुळे तेथे अशी निवड झाली की मान्यतेचा एक पुरावा सहज हाती येतो. आपल्याकडे हे काम बहुधा निवृत्त शिक्षक आणि कारकून पदरमोड करून करतात. त्यांच्या बाबतीत ग्रंथालयात बसून शोधण्याला पर्याय नाही.

आता आपल्या गृहस्थांविषयी. कुलसंमेलनाची स्मरणिका, गौरविका, सत्काराची बातमी आणि पुस्तकातच छापलेली प्रस्तावना, मग ती कितीही मोठ्या इतिहासकाराची असो, यांपैकी काहीही स्वतंत्र पुरावा म्हणून धरू नये. त्यांनी ज्या घराण्यांवर लिहिले ती प्रसिद्ध असतील, तर ती प्रसिद्धी घराण्यांची आहे, त्यांची नव्हे. परीक्षणे एकाच ग्रंथाची मिळाली, तर व्यक्तीऐवजी त्या ग्रंथावर नोंद करणे अधिक रास्त ठरेल. काहीच मिळाले नाही, तर नोंद करू नये. त्याने त्यांच्या कामाला उणेपणा येत नाही. ते हयात असतील, तर कुटुंबाची माहिती आणि जन्मतारीख यांबाबत विशेष जपावे लागेल. आपण त्यांचे आप्त असाल, तर तसे आधी जाहीर करून मसुदा दुसऱ्या संपादकाकडून तपासून घ्यावा.

शोधाची सुरुवात पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकापासून करावी. त्यानंतर त्या प्रदेशाच्या इतिहासावरील ग्रंथांच्या संदर्भसूची पाहाव्यात आणि जेथे त्यांचे नाव येईल तेथील मूळ मजकूर उघडून वाचावा, कारण केवळ सूचीत नाव असणे पुरेसे नसते. लेखकाने त्यांच्या निष्कर्षावर स्वतःचा युक्तिवाद उभा केला असेल किंवा तो खोडून काढला असेल, तर ती खरी दखल समजावी. अशी दोन-तीन ठिकाणे हाती आल्यावर ग्रंथाचे नाव, आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठांक यांसह नोंद लिहावी. ‘हे जालावर दिसत नाही’ असा आक्षेप कोणी घेतला, तर निकषांतील वरील कलम त्याच्यापुढे ठेवावे आणि त्या पानाचे छायाचित्र त्याला पाठवावे.