बाबांचा हात आणि बोलणं गेलं, मामांचा मात्र पाय. लकवा एकच, मग फरक का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांना लकवा मारून दीड महिना झाला. उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही, पण काठी घेऊन चालतात. मामांना गेल्या वर्षी लकवाच झाला होता. त्यांचा डावा पाय गेला, बोलणं मात्र खणखणीत. दोघांच्याही रिपोर्टमध्ये 'इन्फार्क्ट' आहे. मग असं का, आणि बाबांचं बोलणं परत येईल का?

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे, महालपासून मनीष नगरपर्यंत घरोघरी जाऊन पेशंट बघते. गोळ्यांचं तुमच्या न्यूरोलॉजिस्टनाच विचारा. फरकाचं उत्तर मात्र बाबांच्या रिपोर्टमधून तुम्हीच उतरवलेल्या ओळीत आहे: 'लेफ्ट एमसीए टेरिटरी', म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या धमनीचा इलाखा. घरची माणसं इन्फार्क्ट या शब्दावरच अडकतात. त्याचा अर्थ एवढाच, की रक्त न पोचल्यामुळे मेंदूचा तेवढा भाग मेला. कुठला भाग, ते एमसीए सांगतं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन जवळपास 20 टक्के तोच खातो, आणि साठवून काही ठेवत नाही. रक्त मानेतून चार धमन्यांनी वर जातं. पुढून दोन कॅरोटिड, मागून मणक्यांच्या भोकांतून दोन व्हर्टिब्रल. या मागच्या दोन्ही वर जाऊन एक होतात, ती बॅसिलर. मेंदूच्या तळाशी हा सगळा कारभार एका कड्याने जोडलेला असतो. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टराने 1664 साली त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून कड्याला त्याचं नाव. (त्याच्यासाठी मेंदूची चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल उभारलं!) कडं धड असेल तर एक वाट बंद झाली तरी दुसरीकडून रक्त येतं. पण कितीतरी लोकांत त्यातला एखादा दुवा बारीक असतो किंवा नसतोच. शिवाय रक्ताची गाठ कड्याच्या पुढे जाऊन अडकली तर कडं असून काय उपयोग?

एमसीए म्हणजे मधली धमनी, कड्याच्या पुढे बाहेरच्या अंगाला जाणारी. तिच्याकडे मेंदूच्या बाजूचा बाहेरचा बहुतेक पृष्ठभाग: चेहरा आणि हात चालवणाऱ्या जागा, आणि बहुतेकांत डाव्या बाजूला भाषेची. पायाची जागा दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, आतल्या अंगाला असते आणि तिथे एसीए, म्हणजे पुढची धमनी, रक्त नेते. म्हणून बाबांचा पाय बऱ्यापैकी वाचला. मामांच्या रिपोर्टमधली अशी ओळ तुम्ही दिलेली नाही, पण हातापेक्षा पाय जास्त गेला म्हटलं की पहिला संशय एसीएवरच, तोही उजव्या, कारण हालचालीच्या तारा खाली येताना बाजू बदलतात. पीसीए, म्हणजे मागची धमनी, बंद झाली तर हातपाय चालतात पण एका बाजूचं दिसत नाही. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो आणि घरचे चष्मा बदलायला नेतात.

उजव्या एमसीएचे पेशंट मला जास्त अवघड जातात. बोलतात छान, पण डावी बाजू त्यांच्या लेखी नसतेच. नंदनवनमधले एक काका ताटातली उजवीकडची भाजी चाटूनपुसून खायचे आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच. काकू म्हणायच्या, नखरे वाढलेत. मी ताट फिरवून ठेवलं, तर तीच कोशिंबीर आधी संपली.

आता बोलण्याचं. एमसीएच्या पुढे मुख्यतः दोन फांद्या होतात. वरची गेली तर समजतं पण शब्द निघत नाही, आणि हातही जातो. खालची गेली तर माणूस घडाघडा बोलतो पण अर्थ लागत नाही, हातपाय बरेचदा ठीक असतात. तुमच्या वर्णनावरून बाबांचं वरच्या फांदीचं वाटतं. करून बघा: सोबत एक-दोन-तीन म्हणायला लावा, किंवा रोजची आरती सुरू करा. 'पाणी' म्हणता न येणारे पेशंट कधी कधी आरतीचं अख्खं कडवं म्हणतात, कारण पाठ असलेलं आणि सुरातलं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो.

परत येईल का? सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, पुढेही होते पण हळू. म्हणजे तुमच्या हातात अजून चांगला काळ आहे. स्पीच थेरपी याच आठवड्यात सुरू करा. मेलेला भाग जिवंत होत नाही, शेजारचे भाग काम शिकतात, आणि ते सरावानेच. एका वेळी एकच प्रश्न विचारा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि थांबा. मोठ्याने ओरडू नका, कान शाबूत आहेत. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना तो शेवटी. आणि उठवताना कुणीही त्या हाताला धरून ओढायचं नाही. खांदा निखळायला आला की पुढचे कित्येक महिने व्यायाम नुसता रडारडीचा होतो.

बाबा खर्रा खात असतील तर तो बंद, 'एखादी पुडी' नाही. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही.

पुन्हा कधी तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड झालं तर तेल चोळत किंवा कबुतराचं रक्त शोधत बसू नका. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देतात. ॲस्पिरिनही घरी देऊ नका, कारण लकवा रक्तस्रावाचाही असू शकतो आणि ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. 108 लावा, स्कॅन असलेल्याच दवाखान्यात न्या, आणि शेवटचं ठीक केव्हा दिसले होते ती वेळ कागदावर लिहून घ्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

मामांचा जुना एमआरआय सापडला तर त्यावर काय लिहिलंय ते कॉमेंटमध्ये टाका, बघून सांगते.