अटॅकनंतर सोलापुरी जेवण आणि चालणं कसं ठेवावं?

वडिलांची अँजिओप्लास्टी (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याची प्रक्रिया) झाली आहे आणि शेंगाचटणी बंद करायची का, असं तुम्ही विचारलंय. शेंगदाणा सोडायची गरज नाही, त्रास मिठाचा आहे. दिवसभराचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. चटणी, लोणचं, पापड, खारे दाणे यातच ते संपून जातं. म्हणून चटणी घरीच कुटा, मीठ निम्मं करा, लसूण-जिरं वाढवा आणि ताटात एकच छोटा चमचा वाढा. वर तेल ओतू नका, कुटताना दाण्याचं तेल सुटतंच. ज्वारीची भाकरी उत्तमच, फक्त पिठात मीठ नको. आमटीवरचा तेलाचा तवंग काढून टाका.

चालणं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, सपाट रस्त्यावर, आधी 5-10 मिनिटं दोनदा. हळूहळू 30 मिनिटांपर्यंत न्या. चालता चालता बोलता आलं पाहिजे. धाप लागली तर वेग कमी करा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सिद्धेश्वर तलावाकडे सकाळी सातच्या आत जाऊन या. जेवल्या जेवल्या निघू नका.

तंबाखू, मावा, मिसरी आजपासून पूर्ण बंद. ‘थोडीशी’सुद्धा नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून थांबवणं. स्टेंटमध्ये, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या बारीक जाळीत, गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

छातीत दुखलं तर लगेच बसवा, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी जिभेखाली द्या. 5 मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.