नायिकेला पहिल्याच पानावर बंडखोर करू नकोस
तुझ्या कादंबरीचे तिन्ही चॅप्टर वाचले, सगळ्यांनी एकसारखंच असायचं असं जग मस्त उभं केलंयस, पण तुझी नायिका सुरुवातीपासूनच सगळ्यांपेक्षा वेगळी आहे आणि तिथंच गडबड होतेय. अशा जगात वाढलेल्या माणसाला ते जग नॉर्मलच वाटतं रे, सगळ्यांसारखं असण्यात त्याला सेफ वाटतं, अभिमानसुद्धा वाटतो, ते सुख आधी वाचकाला जाणवू दे. रशियन लेखक झाम्यातिनची 'वी' (We, म्हणजे 'आम्ही') ही कादंबरी नक्की वाच, १९२४ ला आधी इंग्रजीतून आली ती. त्यातला इंजिनिअर डी-५०३ डायरी लिहायला बसतो तो राज्याचं कौतुक करायला, 'आम्ही आम्ही' करत, आणि लिहिता लिहिता त्याची भाषाच बिघडत जाते, वाक्यं अर्धवट तुटतात, 'मी' डोकावायला लागतो. आवाज सापडणं म्हणजे हे, भाषण ठोकणं नाही.

ऑरवेलच्या '१९८४' मध्येपण (१९४९) नायक विन्स्टनचं बंड वहीत लिहिण्यापासून सुरू होतं, आणि तिकडे सत्ताधारी पार्टी न्यूस्पीक नावाच्या नव्या भाषेतून शब्दच कमी करतेय, म्हणजे विरोधी विचार करायला शब्दच उरू नयेत. म्हणून तुझ्या नायिकेकडे कुठले शब्द नाहीत ते ठरव. समज 'एकटं' हा शब्दच तिला माहीत नाही, मग ती ते कसं सांगेल? ती जे काही जुळवून बोलेल ना, तो तिचा आवाज.

आणि दबाव फक्त पोलिसांचा नको, जवळच्या माणसांचा जास्त असतो, तोही प्रेमापोटी. आई तिचे केस सगळ्यांसारखे कापते तो सीन लांबव, चौकातलं भाषण उडवलंस तरी चालेल.