टाइम मशीन मिळालं तर कुठल्या काळात जाल? मी 40,000 वर्षं मागे जाईन, एका बासरीसाठी

प्रश्न असा आहे की टाइम मशीन हाताशी आलं तर भूतकाळात जाल की भविष्यात, आणि नेमकं कुठल्या काळात. माझं उत्तर कित्येक वर्षांपासून ठरलेलं आहे. साधारण 40,000 वर्षं मागे, हिमयुगात, आजच्या जर्मनीच्या दक्षिणेला स्वाबियन युरा नावाचा डोंगराळ भाग आहे तिथल्या एका गुहेत. राजे, लढाया, राज्याभिषेक यांचं कोणी ना कोणी काहीतरी लिहून ठेवलंय, ते वाचता येतं. मला जे हवंय ते कोणी लिहिलेलं नाही, कारण तेव्हा लिहिणंच नव्हतं.

2008 मध्ये तिथल्या होले फेल्स गुहेत पुरातत्त्वज्ञ निकोलस कोनार्ड यांच्या टीमला खोदताना हाडाचे 12 तुकडे मिळाले, ते जुळवले तर निघाली बासरी! गिधाडाच्या पंखातल्या हाडाची, लांबी जवळपास 22 सेंटिमीटर, जाडी 8 मिलिमीटर म्हणजे साध्या पेन्सिलीएवढी, बोटांसाठी पाच भोकं आणि फुंकायच्या टोकाला दोन खाचा. वय 35,000 वर्षांच्या वर, बहुतेक 40,000 च्या आसपास. जवळच, जेमतेम 70 सेंटिमीटरवर, मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्यातून कोरलेली 6 सेंटिमीटरची एका बाईची मूर्तीही सापडली, आणि जगभर गाजली ती मूर्तीच जास्त. माझं मन मात्र बासरीपाशीच अडकलं.

कारण भोकांच्या शेजारी बारीक रेघा ओढलेल्या आहेत. अभ्यासकांचं म्हणणं की भोक कुठे पाडायचं याची ती मापं असावीत. आता विचार करा, माप घेऊन भोक पाडायचं म्हणजे त्या माणसाला आधीच माहीत होतं की इथे पाडलं तर अमुक सूर येतो आणि जरा सरकलं तर बिघडतो, म्हणजे त्याच्या डोक्यात सूर आधी होता आणि हाड नंतर हातात आलं. मग हा सूर त्याने कुठे ऐकला? आधीच्या कुठल्यातरी बासरीवर, आणि ती बासरी आपल्याला सापडलेलीच नाहीये. सगळ्यात जुन्या बासऱ्यांपैकी एक म्हणून जी आपण काचेच्या पेटीत बघतो तिच्या मागेही कितीतरी पिढ्या फुंकून गेल्या असणार.

त्याच भागात गाइसनक्लोस्टर्ले नावाची दुसरी गुहा आहे, तिथली गोष्ट तर मला अजूनच थक्क करते. तिथे हंसाच्या हाडांच्या बासऱ्या मिळाल्या आणि एक मिळाली मॅमथच्या सुळ्याची. पक्ष्याचं हाड आतून पोकळच असतं, दोन्ही टोकं कापा, भोकं पाडा, झालं. सुळा भरीव असतो. म्हणजे आधी तो उभा चिरायचा, दोन्ही अर्ध्या भागांना आतून कोरून खोबणी करायची, मग ते भाग परत एकमेकांवर बसवून असे चिकटवायचे की कुठूनही हवा निसटता कामा नये, कारण केसाएवढी फट राहिली तरी सूर गेलाच. आणि हे सगळं गारगोटीच्या पात्यांनी! बाहेर बर्फ, शिकार मिळेल न मिळेल, आणि कोणीतरी दिवसचे दिवस बसून हे करतंय, तेही सोपा पर्याय हाताशी असताना. त्या कामाला पोटापाण्यासारखंच महत्त्व असल्याशिवाय असं कोणी करत नाही असं मला ठामपणे वाटतं. त्या गुहेतल्या थरांचं वय 2012 मध्ये नव्याने काढलं तेव्हा ते 42,000 ते 43,000 वर्षं निघालं.

आता यातलं आपल्याकडे उरलं काय, तर वाद्य. वाजवलेलं सगळं हवेत गेलं. आवाज साठवायला माणूस शिकला तो अगदी परवा, एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा, त्याच्या आधी 1860 मध्ये एका फ्रेंच माणसाने काजळी लावलेल्या कागदावर आवाजाच्या रेघा उमटवल्या होत्या, त्या परत वाजवून ऐकता आल्या थेट 2008 मध्ये, म्हणजे बासरी सापडली त्याच वर्षी. फ्रान्समधल्या मारसुलास गुहेतला एक मोठा शंख आहे, 18,000 वर्षं जुना, 1931 मध्ये सापडला तेव्हा प्यायचं भांडं समजून ठेवून दिला होता, नंतर कळलं की तो फुंकायचा आहे आणि 2021 मध्ये एका वादकाने फुंकून त्यातून तीन सूर काढले. तो आवाज ऐकताना अंगावर काटा येतो. पण हे आजच्या माणसाचं फुंकणं झालं. गुहेतल्या बासरीच्या हुबेहूब प्रती बनवूनही लोकांनी वाजवल्यात आणि छान वाजतात त्या, तरी वाजवणाऱ्याच्या कानात आजचं संगीत बसलेलं असतं, बोटं आपोआप तिकडेच वळतात.

आणि खरं सांगू का, मला तिथली मैफलही नकोय, मला तिथली शिकवणी बघायचीय. मी बासरी शिकत होते तेव्हा पहिले कित्येक दिवस नुसती हवा, फू फू करून डोकं गरगरायचं, गाल दुखायचे, आणि सूर म्हणून काही नाही. मग एक दिवस गुरुजींनी काही न बोलता माझी हनुवटी दोन बोटांनी धरली आणि एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी, खाली केली. लागला सूर! मी घाबरून हललेच नाही, हललं तर जाईल म्हणून. ते जे दोन बोटांनी झालं ते कुठल्याच पुस्तकात लिहिता आलं नसतं. होले फेल्सची बासरी तर टोकावर ओठ टेकवून वाजवायची, ते अजून अवघड, म्हणजे तिथेही कोणीतरी कोणाची तरी हनुवटी धरली असणारच.

भविष्याबद्दलही विचारलंय म्हणून सांगते. अंतराळात दूर पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, 1977 ची, तिच्यात आपल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि व्हॉयेजर 1 निघालं त्याच महिन्यात केसरबाई वारल्या. हे यान साधारण 40,000 वर्षांनी ग्लिझे 445 नावाच्या ताऱ्यापासून 1.6 प्रकाशवर्षांवरून जाईल. म्हणजे बासरी जेवढी मागे, तेवढीच ही तबकडी पुढे! क्षणभर तिकडे जायचा मोह होतो. पण तबकडीबरोबर ती कशी वाजवायची ते खुणांनी कोरून पाठवलंय, सुईसुद्धा दिलीय. बासरीबरोबर असं काहीच नाही, कारण तेव्हा शिकवणारा शेजारीच बसलेला होता. म्हणून मी मागेच जाणार.

एकच काळजी, माझी साधी सर्दीसुद्धा त्यांच्या छोट्याशा टोळीला महागात पडू शकते, त्यामुळे लांबूनच बघेन, गुहेच्या तोंडाशीही जाणार नाही. सणासुदीची रात्र नको, साधा दिवस चालेल, जेव्हा कोणी कातडं खरवडतंय, कोणी चूल फुंकतंय आणि कोपऱ्यात एक पोर हाडात फुंकर मारून मारून वैतागलंय. शिकवणारी आई असते की म्हातारा, चुकलं की ते रागावतात की हसतात, आणि सूर लागला की बाकीचे हातातलं काम थांबवून मान वर करून बघतात का, एवढं कळलं तरी मला पुरे.