तार, पुठ्ठा आणि लॅटेक्स : अशी शिल्पे टिकतात का?

प्रश्न : दगड आणि कांस्य उपलब्ध असताना आधुनिक शिल्पकार तार, पुठ्ठा, कापड अशी हलकी, साधी सामग्री का वापरतात? आणि अशी शिल्पे टिकतात का?

उत्तर : ही सामग्री स्वस्त असते हे खरे, परंतु तेवढ्याने तिची निवड उलगडत नाही. पिकासो यांनी १९१२ मध्ये पुठ्ठा, कागद, दोरी आणि तार जोडून गिटार रचली, तेव्हा शिल्प कोरावे, घडवावे किंवा ओतावेच लागते ही समजूत मोडली आणि वस्तूच्या आतील पोकळीही शिल्पाचा भाग झाली. पुढे अलेक्झांडर काल्डर यांच्या टांगलेल्या रचना हवेच्या झुळकीने फिरू लागल्या.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण माझ्या मते रुथ असावा यांचे आहे. १९४७ मध्ये मेक्सिकोतील तोलुका येथे स्थानिक कारागिरांकडून त्या तारेच्या टोपल्या विणायला शिकल्या आणि त्याच विणीतून त्यांनी छतापासून लोंबणारे, एकात एक सामावलेले आकार घडवले. या शिल्पांत बाहेरचा आकार आतल्याला झाकत नाही, आणि भिंतीवर पडणारी सावलीही पाहण्याचाच भाग होते. भरीव दगडातून हे साधले नसते.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र सामग्रीच्या साधेपणाचा नसून तिच्या रसायनाचा आहे. एव्हा हेस यांनी १९६९ मध्ये फायबरग्लासच्या खांबांमध्ये लॅटेक्स (रबराचा चीक) लावलेले विरळ कापड ताणून जे मोठे शिल्प केले, त्यातील मुळात लवचिक असलेले लॅटेक्स प्रकाश आणि प्राणवायू यांच्या परिणामाने काळवंडत, कडक होत गेले. लॅटेक्स टिकणार नाही याची त्यांना कल्पना होती. तरीही त्यांनी ते निवडले. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी, दीर्घ उपचार करून, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०२२ मध्ये हे शिल्प पुन्हा मांडले. याउलट नाउम गाबो यांनी ज्या आधुनिक पारदर्शक प्लास्टिकवर भरवसा ठेवला, त्यातील काही शिल्पे वाकली आणि तडकली, तर पिकासो यांची पुठ्ठ्याची गिटार आजही न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.